तहसील कचेरीतला पुतळा

प्रश्न : सुभेदारसाहेब, नमस्कार. मी रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत शिकवते. तहसील कचेरीत कामाला गेलं की नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा दिसतो. ते आमच्याच तालुक्यातले, पळसगावचे. यंदा १० जुलैला मी मुलांना त्यांची गोष्ट सांगितली. मोबाइलवर फिरत आलेला मजकूरच वाचून दाखवला. 'एकट्याने पन्नास शत्रू कापून काढले' असं त्यात होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, ते इंग्रजांकडून लढले ना? मग आपण त्यांचा पुतळा का उभारला?" आणि एक मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "बाई, ज्यांना मारलं त्यांना पण आई असेल ना?" मला दोघांनाही नीट उत्तर देता आलं नाही. खरं काय घडलं होतं? आणि मुलांना मी काय सांगू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी आधी मनात वाचलं, मग घरात मोठ्याने वाचून दाखवलं. तुमच्या वर्गातली ही दोन मुलं फार मोलाची आहेत. त्यांना आधी शाबासकी द्या, उत्तर मागाहून.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत क्लार्क होतो. नोकरीची बरीच वर्षं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात गेली. लढाई मी कागदावरच पाहिली. पण शिपायाच्या कागदाला किती जपावं लागतं, त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर घरच्यांना काय भोगावं लागतं, हे मात्र मी जवळून पाहिलं आहे. म्हणून कागदापासूनच सुरुवात करतो.

यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक. त्याचं मानपत्र, म्हणजे पदक कशासाठी दिलं ते सांगणारा मजकूर, नोव्हेंबर १९४४ मध्ये 'लंडन गॅझेट' या इंग्रज सरकारच्या राजपत्रात छापून आलं. ते एका पानाचंही नाही. त्यात पन्नास शत्रू नाहीत, तलवार नाही, कापून काढणं नाही. त्यात एक मशिनगन आहे आणि चार माणसं आहेत.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. ठिकाण इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. ४ जूनला रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आलं होतं आणि जर्मन फौज उत्तरेकडे मागे सरत होती. सरत होती म्हणजे पळत नव्हती. प्रत्येक टेकडीवर मशिनगन बसवायची, वाट अडवायची, समोरच्याची माणसं आणि दिवस खर्ची पाडायचे, मग मागच्या टेकडीवर जायचं, असं चाललं होतं. आपल्या दहाव्या हिंदी डिव्हिजनला तो मुलूख एकेक टेकडी करत घ्यावा लागला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण त्यात होती. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या पोरांना चढण नवी नव्हती. पण चढणीवर आडोसा नसला आणि वरून मशिनगन सुरू असली, की तीच चढण वेगळी होते.

१० जुलै १९४४ ला त्यांच्या कंपनीने एका भक्कम ठाण्यावर हल्ला केला. घाडगे हुद्द्याने नाईक आणि एका रायफल सेक्शनचे प्रमुख होते. सेक्शन म्हणजे आठ-दहा जणांची तुकडी. एकत्र जेवणारी, एकत्र झोपणारी, एकमेकांची घरून आलेली पत्रं वाचून दाखवणारी माणसं. अगदी जवळून मशिनगनचा मारा आला आणि घाडगे सोडून सेक्शनमधले सगळे ठार तरी झाले किंवा जखमी तरी.

इथे मानपत्रात अर्धंच वाक्य आहे, पण मला त्या सगळ्या कागदात तेच मोठं वाटतं. सोबत यायला आता कोणीही उरलेलं नाही हे पक्कं माहीत असताना, क्षणभरही न थांबता, ते मशिनगनवर धावून गेले. वर्गात वाचताना इथे थांबा, ताई. मुलांना विचारा, मागे वळून पाहिल्यावर त्यांना काय दिसलं असेल?

आधी त्यांनी हातबॉम्ब फेकला. त्याने मशिनगन बंद पडली आणि ती चालवणारा संपला. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या स्वयंचलित बंदुकीने, त्याच्या साथीतल्या एकाला गोळी घातली. आणखी दोघं उरले होते. टॉमीगनचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, बदलायला हवं होतं. सरावाच्या हाताला त्याला काही सेकंद लागतात. खटका दाबायचा, रिकामं काढायचं, पट्ट्यातलं भरलेलं ओढायचं, खाचेत बसवायचं. तेवढे सेकंद नव्हते. त्यांनी बंदूक उलटी करून नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना मारलं.

आम्हा क्लार्क लोकांनाही फायरिंग रेंजवर जावं लागायचं. नुकत्याच झाडलेल्या बंदुकीच्या नळीला नवा रंगरूट चुकून हात लावतो आणि चटका बसून ओरडतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. घाडगे यांनी तीच नळी दोन्ही मुठींत घट्ट धरली होती. शिवाय बंदूक चांगली साडेचार-पाच किलोची. हे मानपत्रात लिहिलेलं नाही, पण ज्याने बंदूक हाताळली आहे त्याला ते न लिहिताही वाचता येतं.

मग दूरवर दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जे ठाणं त्यांनी घेतलं, त्याच ठाण्यात ते पडले. वय बावीस.

आता मला वर्षानुवर्षं छळणारी गोष्ट सांगतो. सेक्शनमधलं कोणीच धड उभं नव्हतं, तर हे सगळं सांगितलं कोणी? शौर्यपदकाची शिफारस हवेत होत नाही. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब लागतात, ते कंपनीतून पलटणीत, पलटणीतून वर ब्रिगेडला, डिव्हिजनला जातात, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी विचारतं, हे पाहिलं कोणी? म्हणजे त्या उतारावर कोणीतरी होतं, कदाचित जखमी होऊन आडवं पडलेलं, ज्याने डोळे मिटले नाहीत. त्याने हातबॉम्ब पाहिला, बंदूक उलटी होताना पाहिली. मग त्याने किंवा त्यांनी इस्पितळात किंवा तंबूत बसून आठवून आठवून ते सांगितलं. घाडगे यांच्या पदकात त्या माणसांचाही वाटा आहे, आणि तो त्यांच्या खरं सांगण्याचा आहे. आपण मोबाइलवर चाराचे पन्नास करतो तेव्हा त्या जबाबावर पाणी ओततो. म्हणून तुम्ही तो मजकूर वर्गासमोर मागे घ्या. 'मी सांगितलेला आकडा चुकीचा होता' असं बाईंनी म्हटलेलं मुलं जन्मभर विसरणार नाहीत.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर सरळ द्या. हो, घाडगे इंग्रजांच्या फौजेत होते. ते लपवू नका आणि त्याला रंगही चढवू नका. ते १९४४ साल होतं. दोनच वर्षांपूर्वी 'चले जाव' झालं होतं, पुढारी तुरुंगात होते. त्याच उन्हाळ्यात आझाद हिंद सेनेतले आपलेच शिपाई इंफाळच्या बाजूने आपल्याच शिपायांसमोर उभे होते. आणि तरी त्या युद्धात हिंदी फौजेत पंचवीस लाखांच्या आसपास माणसं होती, एकावरही भरतीची कायद्याने सक्ती नव्हती. सक्ती पोटाची होती. कोकणातल्या भाताच्या तुकड्यावर एक भाऊ जगतो, चार जगत नाहीत. उरलेल्यांना गिरणी किंवा पलटण. माझे वडील १९४० मध्ये भरती झाले. का झालात, असं मी शाळेत असताना विचारलं होतं. ते म्हणाले, "धाकटी दोघं होती घरात." एवढंच.

पण एवढ्यावर सोडलं तर तेही खोटं होईल. पोटासाठी भरती होता येतं, पोटासाठी मशिनगनवर एकट्याने धावून जाता येत नाही. पोटासाठी लढणारा तिथे जमिनीला चिकटून राहतो, आणि त्यात काही गैरही नाही. राज्य कोणाचं असावं हे त्या बावीस वर्षांच्या मुलाला कोणी विचारलं नव्हतं. आसपास पडलेली माणसं मात्र त्याची होती, त्याच्या हाताखालची, त्याच्या भरवशावर पुढे आलेली. मला विचाराल तर पुतळा त्यासाठी आहे. आणि समोर नाझी जर्मनीची फौज होती, हेही मुलाला सांगा. ती हरावी असं जगातल्या गुलाम देशांतल्या माणसांनाही वाटत होतं.

आणखी एक सांगा, सहावीतल्या मुलाला ते आवडेल. घाडगे यांची ती तिसरी पलटण पुढे हवाई छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण बनली. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशाच्या लढाईत टांगाइलला विमानांतून उतरली ती हीच २ पॅरा, नावापुढे कंसात 'मराठा' लावणारी. इंग्रज गेले, पलटण राहिली. तिने आपला १९४४ चा नाईक परका म्हणून टाकून दिला नाही.

परका म्हणून इटलीनेही टाकला नाही. पेरुजिया प्रांतात मोंतोने नावाचं टेकडीवरचं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी २०२३ च्या जुलैमध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाने स्मारक उभारलं. स्मारक म्हणजे सूर्यघड्याळ आहे, उन्हाच्या सावलीवर चालणारं. त्यावर लॅटिनमध्ये ओळ आहे, 'ओम्नेस सुब एओदेम सोले'. आपण सारे एकाच सूर्याखाली. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ हिंदी शिपाई गेले आणि त्या देशातल्या चाळीस युद्धस्मशानांत त्यांची स्मृती आहे. पळसगावात सकाळचे साडेअकरा होतात तेव्हा उन्हाळ्यात मोंतोनेत आठ वाजलेले असतात. भूगोलाच्या तासाला हे गणित घालता येईल.

आता त्या मुलीचा प्रश्न. तो मी शेवटी ठेवला, कारण तो अवघड आहे. हो, त्या चौघांनाही आया होत्या. बहुधा तीही घाडगे यांच्याच वयाची पोरं असतील. तुम्ही तिला हे 'हो' आधी द्या, लगेच 'पण' जोडू नका.

माझे वडील पहिल्या पलटणीतून इटलीत होते. गावात पारावर लोक त्यांना लढाईची गोष्ट सांगा म्हणून गळ घालायचे. ते चिखल सांगायचे, बर्फ सांगायचे, दारूगोळा वाहणारी खेचरं सांगायचे, शर्ट धुऊन देणारी एक म्हातारी सांगायचे. लढाई आली की म्हणायचे, "मग आम्ही पुढे गेलो." मारलं हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. 'मग आम्ही पुढे गेलो' या चार शब्दांच्या पोटात काय असेल, हे मला बेळगावला मानपत्रं टंकताना हळूहळू कळलं. ते वाक्य तुमच्या विद्यार्थिनीला सांगा. तिला कळेल असं मला वाटतं. आणि दस्त्याचं वाक्य वाचाल तेव्हा मुलांना टाळ्या वाजवू देऊ नका. टाळ्या वाजवायच्याच असतील तर सगळं वाचून झाल्यावर, उभं राहून.

वेळ उरला तर नामदेव जाधवांचंही सांगा. इटलीत हिंदी फौजेतल्या सहा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यातले दोघं मराठा लाइट इन्फंट्रीचे. एक तुमचे घाडगे, दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर त्यांनी मशिनगनच्या माऱ्यात, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमींना एकेक करून आणलं. मग एकटे परत गेले. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना तेव्हा हातबॉम्ब वापरले, आणि शेवटी काठावर उभं राहून मराठ्यांची गर्जना केली आणि उरलेल्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं. जाधव घरी परतले, १९८४ पर्यंत जगले. मुलांना मेलेल्याच माणसाचा पुतळा होतो असं वाटू नये, म्हणून हे सांगायचं.

प्रश्न : व्हिक्टोरिया क्रॉस मोठा की परमवीर चक्र? आणि मरणोत्तर पदक दिलं जातं तेव्हा ते नेमकं कोणाच्या हाती जातं? घरात यावरून वाद झाला आहे.

उत्तर : मोठं-लहान ठरवायला दोन्ही एका तागडीत बसत नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ चा, ब्रिटिश राजमुकुटाचा. हिंदी शिपायाला तो मिळूच शकत नव्हता, ते दार १९११ मध्ये उघडलं. आणि तुमच्या घरच्या वादात भर घालतो. सुरुवातीला मेलेल्याला तो देतच नसत. 'जगला असता तर शिफारस केली असती' अशी ओळ गॅझेटात छापायची आणि संपवायचं. जे पदक जीव ओवाळून टाकण्यासाठी, ते जीव गेलेल्याला नाही! पन्नासएक वर्षांनी ही चूक सुधारली. ती सुधारली नसती तर घाडगे यांच्या नावापुढे आज काहीच नसतं.

परमवीर चक्र आपलं. २६ जानेवारी १९५० ला स्थापन झालं, पण १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या शौर्याला लागू केलं. आजवर एकवीस जणांना मिळालं, त्यातल्या चौदा जणांना मरणोत्तर. त्याची घडण सावित्रीबाई खानोलकरांची. जन्माने त्या युरोपातल्या, लग्नाने मराठी घरातल्या, आणि पुराणांचा अभ्यास असा की पदकावर त्यांनी इंद्राचं वज्र चार बाजूंना घेतलं. पहिलं परमवीर मेजर सोमनाथ शर्मा यांना, ३ नोव्हेंबर १९४७ च्या बडगामच्या लढाईसाठी, मरणोत्तर. डावा हात प्लास्टरमध्ये असताना ते मॅगझिनं भरून जवानांना देत होते. हे शर्मा सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर लागत. पदक घडवलं तेव्हा ते पहिल्यांदा आपल्याच सोयऱ्याच्या घरी जाईल, हे त्यांना कुठून माहीत असणार!

मरणोत्तर पदक जवळच्या नातलगाच्या हाती जातं, बहुतेक वेळा पत्नीच्या, लग्न झालेलं नसेल तर आई-वडिलांच्या. परमवीर आणि अशोक चक्र राष्ट्रपती प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाआधी देतात, बाकीची राष्ट्रपती भवनात. त्या आधी मानपत्र मोठ्याने वाचलं जातं आणि तोवर ती बाई सगळ्यांसमोर उभी असते. टीव्हीवर पाहाल तेव्हा पदकाकडे बघू नका, तिच्या हातांकडे बघा. मी एवढंच बघतो.

प्रश्न : साहेब, आम्ही सातारा जिल्ह्यातले. जुनं घर उतरवताना माळ्यावर फडक्यात गुंडाळलेली एक जड पितळी चकती सापडली. ताटलीएवढी नाही, वाटीच्या तोंडापेक्षा मोठी. एका बाजूला बाई आणि सिंह, कडेने इंग्रजी अक्षरं, आणि एका चौकटीत आमच्या खापरपणजोबांचं नाव. आजी म्हणते ती देवीची आहे, सिंह आहे म्हणून. ती पूर्वी देव्हाऱ्यात होती असं तिला आठवतं. भंगारवाला दोनशे रुपये देतो म्हणाला. सोबतच्या एका चिठोऱ्यावर '११०' आणि 'बसरा' एवढंच वाचता येतं. ही काय वस्तू आहे?

उत्तर : भंगारवाल्याला आजच नाही म्हणून सांगा.

ती पितळी नाही, काशाच्या जातीची ब्राँझची आहे. मोजून पाहा, बारा सेंटीमीटर भरेल. पहिल्या महायुद्धात जे मेले त्यांच्या घरी इंग्रज सरकारने अशी एकेक चकती पाठवली. ती बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं बाईच्या रूपातलं प्रतीक. तिच्या हातातलं पानांचं कडं नावाच्या चौकटीवर धरलेलं आहे. कडेच्या अक्षरांचा अर्थ, 'तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला'. कोणाचं स्वातंत्र्य, असं तुम्ही विचाराल आणि रास्तच विचाराल. पण आता नावाकडे बघा. बोटाने चाचपून बघा. अक्षरं कोरलेली नाहीत, उठावाची आहेत, साच्यातूनच आलेली. म्हणजे तुमच्या खापरपणजोबांच्या नावाचा वेगळा साचा झाला होता. आणि नावामागे-पुढे हुद्दा शोधा, सापडणार नाही. जनरल मेला तरी तसंच, शिपाई मेला तरी तसंच. त्या काळात गोऱ्याला आणि काळ्याला एका मापाने मोजणाऱ्या वस्तू फार नव्हत्या, ही त्यातली एक.

'११०' म्हणजे ११० वी मराठा असण्याची दाट शक्यता आहे, कारण ती पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होती. कूत-अल-अमारा इथे ती तुर्कांच्या वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. घोडे आणि खेचरं खायची पाळी आली, पुष्कळांनी ती खाल्ली नाहीत, आणि शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत आणखी माणसं गेली. वरच्या पत्रातल्या ताईंनी हे उत्तर वाचलं तर त्यांनाही सांगतो. १९२२ मध्ये पलटणींची फेररचना झाली तेव्हा हीच ११० वी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झाली. यशवंत घाडगे यांची पलटण तीच.

आता बसरा, इराकातलं शहर. तिथे त्या युद्धात गेलेल्यांचं मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांवर माणसांचं, आणि त्यात बहुसंख्य आपले. १९९७ मध्ये ते मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेलं. त्या दगडावर गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांची नाहीत. अमुक पलटणीचे इतके शिपाई, असा नुसता आकडा. नावं वहीत राहिली. तुमचे खापरपणजोबा तिथे आकड्यात असतील तर त्यांचं नाव धातूत उमटलेलं तुमच्या माळ्यावरच आहे.

मला बेळगावला पोस्टिंग मिळालं तेव्हा वडिलांनी पगार विचारला नाही, क्वार्टर विचारलं नाही. म्हणाले, "शिपायाचं नाव नीट लिहीत जा. बाळू आणि बाळाराम एक नव्हेत." पुढे एखाद्या फाइलीत तीन कागदांवर तीन नावं आली, आणि त्यापायी एखादी म्हातारी पेन्शनसाठी हेलपाटे घालताना दिसली, की मला ते आठवायचं. तुमच्या चकतीवरचं नाव इंग्रजाने ऐकून लिहिलेलं असेल, स्पेलिंग वेडंवाकडं असेल. शोधताना तेच वेडंवाकडं स्पेलिंग वापरा. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, पलटण आणि देश टाकून शोधता येतं, आणि तिथल्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही असतं. सापडलं नाही तर अक्षर बदलून पुन्हा टाका. व्ही आणि डब्ल्यू, जे आणि झेड, दोन्ही करून बघा.

चकती चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. तिच्यावरचा काळसर थर तिचं रक्षण करतो, तो गेला की अक्षरं झिजायला लागतात. कोरड्या सुती फडक्याने पुसा, दमट भिंतीपासून लांब ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. चिठोरा दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, चिकटपट्टी लावू नका. आणि आजींना सांगा, ती देवी नाही, पण परत देव्हाऱ्यात ठेवायची असेल तर खुशाल ठेवा. फक्त नावाची बाजू समोर येऊ द्या.